टेकून चालणारा शब्द

सरांविषयी लिहायचं तर आधी एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. नाहीतर पुढे मी त्यांचं जे कौतुक करीन ते वाचणं माझं मलाच सोसणार नाही. आयुष्यात मी एकच निनावी अर्ज लिहिला आणि तो सरांविरुद्ध होता. त्या अर्जापायी सरांचा बारावीचा वर्ग गेला आणि तो मला मिळाला. अर्ज लिहिल्याचा आळ मात्र तिसऱ्याच माणसावर गेला, सरांच्या एकुलत्या एक मित्रावर. हे मला ठाऊक होतं. अठरा वर्षं ठाऊक होतं. मी रोज दाढी करत होतो, तास घेत होतो, लोकांच्या लग्नांना जात होतो आणि गप्प होतो.

झालं. आता सर.

दर्यापूरच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात सर इंग्रजी शिकवत. राहायला अकोल्याला. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या एसटीनं जायचं. अंगानं दणकट, वावरात वाढलेला माणूस, आणि सुटीच्या दिवशी खरोखरच वावरात असत. त्यांचं इंग्रजी ऐकत राहावं असं होतं, पण ते संपून मराठी सुरू झाली की थेट वऱ्हाडी. एकदा पुण्याकडच्या एका तपासणी अधिकाऱ्यांनी त्यांना विचारलं, "तुम्ही वर्गात प्रमाण मराठी का बोलत नाही?" सर म्हणाले, "साहेब, मी इंग्रजीचा मास्तर. मराठीत चुकलो तं चालते."

इंग्रजीत नामं बनवणारे प्रत्यय पुष्कळ आहेत. सरांचा जीव एकावरच होता: हूड. चाइल्डहूड, मदरहूड, नेबरहूड या शब्दांच्या शेवटी असतो तो. आपल्या बालपण, आईपण, मोठेपण यांतल्या 'पण'सारखा. या चार अक्षरांवर सर तासन्‌तास बोलू शकत, आणि बोलत. पोरं त्यांना हूड सर म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडायचंही.

बारावीच्या पहिल्या आठवड्यात दर वर्षी एक प्रयोग व्हायचा. वर्गातलं सगळ्यात किडकिडीत पोरगं सर पुढे बोलवत.

"आजपासून तुह्यं नाव चाइल्ड. मी हूड. उभा राय सरळ."

आणि आपला शंभर किलोचा देह त्या पोराच्या खांद्यावर टाकत. पोरगं वाकायचं. वर्ग बाकं बडवायचा.

"चाल आता दरवाजापर्यंत. पडू नको बे! तू पडला तं मी कुठी जाऊ?"

दोघं लडखडत दारापर्यंत पोचत. तिथे सर त्याचा खांदा सोडून एकटे उभे राहत, आणि वर्ग आपोआप शांत होई.

"हा हूड आज कोनावर टेकल्याशिवाय चालत नाई. पन पोट्टेहो, हजार वर्षांपयले हा आपल्या पायावर उभा होता. अख्खा शब्द होता. हाद. त्याचा अर्थ मानूस, मानसाचा दर्जा, त्याची दशा. मंग लोकं त्याले दुसऱ्या शब्दाच्या मांगं लावू लागले. लावता लावता त्याचं सोताचं घरच सुटलं. आता तो चाइल्डच्या घरी राह्यते, मदरच्या घरी राह्यते. पन ज्याच्या घरी जाते त्याले मोठं करून देते. नुसता चाइल्ड म्हंजे एक पोट्टं. चाइल्डहूड म्हंजे तुमचं साऱ्याइचं बालपन."

दुसऱ्या दिवशी कोणीतरी हमखास विचारी, "सर, हूड म्हंजे टोपी ना? जर्किनले असते ते?"

सरांना चटका बसल्यासारखं होई. "ते टोपीवालं हूड अलग! त्याचा बाप अलग, खानदान अलग. फक्त आडनाव एक हाये. दर्यापुरात एका आडनावाचे चाळीस घरं हायेत, सारे भाऊ हायेत का?"

सर शब्द गोळा करत आणि ते लिहीत लग्नपत्रिकांच्या पाठीवर. मास्तराच्या घरी लग्नसराईत शंभरेक पत्रिका येतात. कागद जाड, मागची बाजू कोरी. एका पत्रिकेवर एक शब्द: तो केव्हा दिसला, आधी काय अर्थ होता, आता काय आहे. सगळ्या पत्रिका बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात. एकदा काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, काही शोधताना तो डबा उघडला आणि सख्ख्या भाच्याच्या पत्रिकेमागे 'विडोहूड' वाचलं. काकू सातवी शिकलेल्या, पण या एका प्रत्ययापुरतं त्यांचं इंग्रजी पदवीधराच्या वर होतं.

"लग्नाच्या पत्रिकेवर विधवापन लिहिते का कोनी?" काकू कडाडल्या. "त्या पोराचा संसार चालू दे ना बाप्पा!"

सरांनी मुकाट्यानं तो शब्द विजेच्या बिलामागे उतरवून काढला. डब्यात बिलावर लिहिलेला तो एकच शब्द आहे.

शिपायालाही सरांची लागण झाली होती. टेबलावर कप ठेवत तो म्हणे, "सर, चहाहूड घ्या." सर गंभीरपणे दुरुस्ती करत, "चहाहूड पोटात गेल्यावर येते. आता हा फक्त चहा हाये."

सरांचे मित्र म्हणजे आमचे संस्कृतचे पंडितजी. बारीक, उंच, पांढऱ्या स्वच्छ कपड्यातले, तोलून बोलणारे. ते अमरावतीला राहत. वलगाववरून येणाऱ्या गाडीनं ते यायचे, सर अकोल्याच्या गाडीनं. दोन उलट्या दिशांची माणसं दर्यापूरच्या स्टँडवर दहा-पंधरा मिनिटांच्या फरकानं उतरत. जो आधी येई तो थांबे. मग दोघं भांडत भांडत कॉलेजात शिरत.

"पाटील, आमचं 'पण' तुमच्या हूडपेक्षा जुनं आहे," पंडितजी म्हणत. "वेदात 'त्वन' आहे. तेच झिजत झिजत 'पण' झालं."

"जुनं असंन. पन तुमचं 'पन' कदी एकटं उभं होतं का?"

"त्याला गरजच पडली नाही. चांगल्या घरचं आहे ते."

एका शनिवारी सकाळची शाळा सुटता सुटता पंडितजी स्टाफरूममध्ये आले ते चेहऱ्यावर काहीतरी घेऊन. खोलीत आम्ही तिघंच होतो. मी कोपऱ्यात वर्तमानपत्र उघडून बसलो होतो.

"पाटील, तुमच्या हूडचा चुलतभाऊ सापडला. संस्कृतात. केतु."

"राहू-केतूतला?"

"तो ग्रह नंतरचा. मूळ अर्थ उजेड, खूण, ध्वज. दुरून वस्तू ज्यावरून ओळखू येते ते."

सर हळू म्हणाले, "म्हंजे पोट्टं ज्या खुणेनं पोट्टं दिसते, ते चाइल्डहूड?"

"तसं म्हणायला हरकत नाही. पण पुराव्यानं म्हणा, उत्साहानं नको."

पण उत्साह चढला होता. "आन पंडत, केतूले मुंडकंच नाई! नुसतं धड! अरे, तो प्रत्ययच तं झाला!" सरांनी टेबलावर थाप मारली. पंडितजी हसता हसता खोकले आणि चहा हजेरीपटावर सांडला. "सोमवारी पोट्ट्याइले सांगतो मी हे," सर म्हणाले.

मी तेव्हा घड्याळी तासांवर होतो. जेवढे तास तेवढीच नोकरी. बारावीचे तास मिळाले असते तर माझं पद पूर्ण होणार होतं, मान्यता येणार होती. घरी लग्नाची बोलणी सुरू होती. हे कारण मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. खरं कारण त्याच्या खाली होतं. माझ्या वर्गात पोरं शांत बसत, आणि भिंतीपलीकडून सरांच्या वर्गातलं हसणं येई. मला ते हसणं बंद व्हायला हवं होतं.

त्याच दुपारी काळीपिवळी पकडून मी अंजनगावला गेलो, कारण तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. टायपिंगच्या एका दुकानात उभा राहून मजकूर सांगितला: सदर शिक्षक चार अक्षरांवर तीन तीन आठवडे घालवतात, अभ्यासक्रम अपुरा राहतो, आणि आता तर वर्गात राहू-केतू शिकवून अंधश्रद्धा पसरवत आहेत. खाली 'एक चिंतातुर पालक'.

टाइप करणाऱ्यानं मान वर करून विचारलं, "पोरगं कितवीत हाये भाऊ?"

"बारावीत."

"मंग तं चिंता हायेच."

माझं तोवर लग्नही झालेलं नव्हतं. अर्ज संस्थेच्या पत्त्यावर तिथल्याच टपालपेटीत टाकला आणि परत आलो.

सोमवारी सर आलेच नाहीत. पुतणीचं लग्न होतं, तीन दिवसांची रजा आधीच टाकलेली; शनिवारी केतूच्या भरात सरांना त्याचाही विसर पडला होता. गुरुवारी आले तेव्हा अर्ज त्यांच्या आधी पोचला होता. म्हणजे वर्गात केतूचा शब्दही निघालेला नव्हता. घाईत मी सोमवारची गोष्ट शनिवारीच लिहून बसलो होतो.

चौकशीला तिघांची समिती बसली: संस्थेचे अध्यक्ष, एक वकीलसाहेब आणि प्राचार्य. इतिवृत्त लिहायला तरुण आणि चांगल्या अक्षराचा माणूस हवा म्हणून मला बसवलं.

अध्यक्षांनी सुरुवात केली, "सर, पोराइले तुमी केतूची शांत करायले सांगतली म्हणे?"

"कोनाची शांत?"

"केतूची. इंग्रजीच्या तासाले केतू आला कुठून?"

सरांचे डोळे चमकले. आपल्यावर चौकशी बसली आहे हे ते त्या क्षणी विसरले. कोणीतरी आपणहून हूडविषयी विचारत होतं! पुढचा पाऊण तास त्यांनी समितीला शिकवलं. प्राचार्यांना तोंडपाठ होतं, ते खिडकीबाहेर बघत बसले. वकीलसाहेब सगळ्यात हडकुळे. सरांनी त्यांना उभं केलं. "तुमी चाइल्ड." वकीलसाहेब काय होतंय हे कळायच्या आत शंभर किलोखाली दारापर्यंत जाऊन आले. मी इतिवृत्तात लिहिलं, 'सदर शिक्षकांनी समितीस प्रात्यक्षिक दाखविले.'

मग घाम पुसत सर बसले आणि त्यांनी पहिल्यांदा तो अर्ज हातात घेऊन वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पन हे केतूचं मी वर्गात अजून बोललोच नाई," ते म्हणाले. "सोमवारी सांगनार होतो. मी तं लग्नात होतो. हे फक्त..."

तिथेच ते थांबले. उघड्या दारातून व्हरांडा दिसत होता. चौकशी संपायची वाट बघत पंडितजी तिथे उभे होते, दोन्ही हातांत एक एक कप. सर त्यांच्याकडे बघत राहिले. मी मान खाली घालून लिहीत राहिलो. सरांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या लेखी त्या शनिवारी कोपऱ्यात मी नव्हतोच, एक वर्तमानपत्र होतं.

सरांनी कोणाचं नाव घेतलं नाही. समितीनं मात्र बारावी त्यांच्याकडून काढून मला दिली आणि त्यांना उरलेल्या दोन वर्षांसाठी ग्रंथालयात बसवलं. बाहेर आल्यावर पंडितजींनी कप पुढे केला. सर म्हणाले, "तुमचा चहा तुमीच घ्या," आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर कोणी कोणासाठी थांबलं नाही.

महिन्याभरानं पंडितजींनी मला गाठलं. मानी माणूस, त्यांना विचारणं जड जात होतं. "पाटलांना माझं काय खटकलं, तुम्हाला काही ठाऊक आहे?"

मी म्हणालो, "नाही."

"मी दिलेल्या केतूपायी त्यांचा वर्ग गेला," ते म्हणाले. "पुरावा कच्चा असेल माझा. रागावणारच."

अर्जाचं मी एक वेळ समजू शकतो. त्या 'नाही'चं मला आजही काही समजत नाही.

सरांना शिक्षा झाली असं ग्रंथालयाकडे बघून कोणाला वाटलं नसतं. मधल्या सुटीत पोरं तिकडे पळत. हसणं आता भिंतीपलीकडून न येता मैदानापलीकडून येऊ लागलं, एवढाच फरक. माझा वर्ग शांतच होता. बारावीची स्वतःची टिपणंही सरांनी मला आणून दिली. "नवा हाये तू, अडशीन कुठी." माझ्या लग्नाला आले. त्याआधी पत्रिका दोन मागून घेतल्या. "एक यायले, एक लिहायले."

ती दुसरी पत्रिका काही दिवसांनी मला ग्रंथालयात दिसली. पाठीवर शब्द होता लाइव्हलीहूड. उपजीविका.

"हा आपल्यातला नाई बरं का," सर म्हणाले. "ह्याच्या शेवटी पयले हूड नव्हतंच. लोड होतं, म्हंजे वाट. जगायची वाट. लोकाइले वाटलं हाही हूडच्याच घरचा, तं त्यायनं शेपूट बदलून टाकलं. पोटासाठी दुसऱ्याच्या घरात घुसलेला गडी हाये हा."

माझी कानशिलं तापली. मी म्हणालो, "मग काढून टाका ना डब्यातून."

"काहून? जाईन कुठी तो?"

आणि त्यांनी झाकण लावलं.

त्यानंतर सर निवृत्त झाले, दोन वर्षांनी पंडितजीही. एक अकोल्याला राहिले, दुसरे अमरावतीला. मधलं दर्यापूर त्यांच्या आयुष्यातून निघून गेलं. मी तिथेच राहिलो. कायम झालो, पोरंबाळं झाली, केस पिकले. धड्यात चाइल्डहूड आला की अर्थ सांगून पुढच्या ओळीवर जात राहिलो.

गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला.

"गुडघे गेले रे भाऊ. डोळ्याइनं बारीक दिसत नाई आता. डबा तुले देतो, घेऊन जाय. साऱ्या स्टाफात तू एकटाच होता, जो कदी माह्यावर हासला नाई."

खरं होतं. मी कधीच हसलो नव्हतो. फोन ठेवून मी किती वेळ तसाच बसलो होतो. बायकोनं विचारलं, "कोणी गेलं का?" मी तिला सगळं सांगितलं. तेही पहिल्यांदाच. ती म्हणाली, "आता ते मला सांगून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. सर ओसरीत खुर्चीवर बसले होते. देह निम्मा झाला होता, आवाज तेवढाच होता. डबा समोर स्टुलावर काढून ठेवलेला. मी बसायच्या आधीच बोललो, कारण बसलो असतो तर पुन्हा गप्प राहिलो असतो.

"सर, तो अर्ज मी केला होता."

सर मोठ्यानं हसले. "तू? तुह्यात येवढी हिंमत हाये का?"

मी अंजनगाव सांगितलं. टाइप करणारा सांगितला. कोपऱ्यातलं वर्तमानपत्र सांगितलं. मग अर्जाचा मजकूर म्हणून दाखवला, अगदी 'चिंतातुर पालक'पर्यंत. तोवर हसणं थांबलं होतं. काकू पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"बारावीचं जाऊ दे," सर म्हणाले. "पंडतले माहीत हाये?"

"नाही."

"मी काहून बोलनं सोडलं, त्याले माहीतच नाई?"

"नाही."

"अबे, मी त्याले चोर समजलो!" सरांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. "साऱ्या जिल्ह्यात एक मानूस माह्यं बोलनं पुरं आयकत होता, आन त्याले मी चोर समजलो! तुले काय बोलाचं ते मी मंग ठरवतो. पयले फोन लाव त्याले."

माझ्याकडे नंबर नव्हता. सरांनी तर केव्हाच खोडून टाकला होता.

"माह्याजवळ हाये," काकू म्हणाल्या. "दर दिवाळीले बोलते मी त्याइच्या घरी."

सर वळून बघत राहिले. "मले सांगतलं नाई कदी?"

"तुमी विचारलं कदी?"

फोन लागला. सरांनी तो दोन्ही हातांनी धरला. "पंडत?"

पलीकडून तोच तोललेला आवाज आला. "बोला, पाटील."

"रविवारी दर्यापूरच्या स्टँडवर या."

का, कशाला, काही नाही. "किती वाजता?"

"अकरा."

"बरं. मी आधी आलो तर थांबतो."

सरांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि तोंडावरून रुमाल फिरवला.

रविवारी मी साडेनऊपासून स्टँडवर होतो. पंडितजी आधी आले. पांढरे कपडे तसेच, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. मला बघून त्यांनी मान हलवली. बाकावर जागा असूनही ते अकोल्याच्या फलाटाकडे तोंड करून उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, "पाटील येऊ द्या."

अकोल्याची गाडी लागली. कंडक्टरनं धरून सरांना खाली उतरवलं. काखेत बिस्किटांचा डबा, खांद्याला पिशवी. दोघं समोरासमोर आले. मग सर बोलले, आणि पहिल्यासारखेच मोठ्यानं बोलले.

"पंडत, मी तुमाले चोर समजलो होतो. चोर हा हाये!"

बोट माझ्याकडे. शेजारच्या बाकावरच्या बाईनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. दोन जणांनी खिसे चाचपले.

कँटीनमध्ये बसून मी पंडितजींना पहिल्यापासून सगळं सांगितलं. माझं ते 'नाही'सुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एकच विचारलं.

"अर्जात केतू ऱ्हस्व लिहिला होतात की दीर्घ?"

"दीर्घ."

पंडितजी सरांकडे वळले. "मग तो मी असणं शक्यच नव्हतं, पाटील. एवढं तरी बघायचं होतंत."

सर हसले. पंडितजी हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून कागदांचा एक जाड गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "मला वाटलं, माझा पुरावा कच्चा म्हणून तुम्ही तोडलंत. म्हणून तो पक्का करत बसलो होतो. अठरा वर्षं झाली. जुन्या गॉथिक भाषेचं आता निर्विवाद आहे. जर्मन फाट्याविषयी थोडं बोलायचं आहे."

सरांनी गठ्ठ्यावर हात ठेवला आणि हात तसाच राहू दिला. "दाखवा," ते म्हणाले.

पुढचे दोन तास मी फक्त चहा सांगत होतो. सरांना अक्षर दिसत नव्हतं म्हणून पंडितजी वाचून दाखवत होते, आणि सर दर दोन ओळींनी "पन हे कशावरून?" करत होते. कँटीनवाला गल्ला सोडून ऐकायला आला. मध्येच पंडितजींना माझी आठवण झाली. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, "तुमचा राग यायला मला दोन-चार दिवस लागतील. मी सावकाश माणूस आहे. आला की कळवीन."

मी म्हणालो, "हो."

अमरावतीची गाडी लागल्याचं सांगितलं गेलं. गठ्ठा अर्धाही झाला नव्हता. सरांनी डबा पुढे ओढला, उघडला आणि आंधळ्यासारखे चाचपत एक पत्रिका वर काढली. एका बाजूला माझं आणि माझ्या बायकोचं नाव, सोनेरी अक्षरात. दुसऱ्या बाजूला लाइव्हलीहूड. ती डोळ्यांजवळ धरून त्यांनी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती माझ्या हातात येणार, आणि मी हात पुढे केलाही.

सरांनी ती पत्रिका परत डब्यात ठेवली, बाकीच्यांच्या मधोमध, आणि झाकण दाबून बसवलं.

"डबा तुले नाई देत आता," ते म्हणाले. "हा आमाले दोघाइले लागते." आणि उठायला लागले.

"सर, अकोल्याची गाडी तिकडे..."

"मी अमरावतीले चाललो. बोलनं कुठी झालं अजून? तुह्या काकूले फोन करून दे." त्यांनी पंडितजींच्या खांद्यावर हात टाकला. "पंडत, उभे राहा सरळ. तुमी चाइल्ड."

"या वयात?" पंडितजी म्हणाले, पण काठी नीट रोवून सरळ उभे राहिले.

"चाला आता दरवाजापर्यंत. पडू नका, तुमी पडले तं मी कुठी जाऊ?"

दोघं लडखडत गाडीकडे निघाले. मी डबा घेऊन मागे. दाराशी तो वर दिला, गाडी हलली, आणि मागच्या काचेतून सरांचा एक हात हवेत काहीतरी पटवून देताना दिसत राहिला.

मी काकूंना फोन लावला. "काकू, सर अमरावतीला गेले. पंडितजींबरोबर."

"माहीत होतं मले. सकाळीच पिशवीत एक सदरा जास्तीचा टाकला मी." मग जरा थांबून म्हणाल्या, "तू जेवला का?"

"नाही अजून."

"जेवून घे मंग. आन हे पाय," काकू म्हणाल्या, "पुढच्या बारीनं अर्ज करशीन, तं खाली नाव टाकत जाय."